हेडलाइटचा हरवलेला व्होल्ट

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून संध्याकाळी निघालेला पिकअप रात्रभर रस्ता कापून वाशीच्या मंडईत पोचतो. अशा गाड्या चालवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: उजेड पुरत नाही. दुकानातला उपायही तितकाच ठरलेला असतो. ६० वॅटचा बल्ब काढून १०० चा लावायचा, नाहीतर पांढराशुभ्र एलईडी बसवायचा. हा उपाय चुकीच्या जागी केला जातो, असं माझं ठाम मत आहे. आठ-दहा वर्षं राबलेल्या हॅलोजनच्या गाडीत बल्ब बहुतेक वेळा ठीक असतो, पण त्याला पुरेशी वीज मिळत नाही. बॅटरीपासून बल्बापर्यंतच्या वाटेत व्होल्ट गळतात. ही गळती न थांबवता बल्ब वाढवत नेणं म्हणजे पाइप फुटलेला असताना मोठी तोटी बसवणं.

ही वाट बारकाईनं पाहू. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून फ्यूजमध्ये, तिथून स्टीअरिंगखालच्या लाइटच्या बटणात, मग अप्पर-डिपरच्या स्विचात जातो आणि तेवढंच अंतर परत कापून बल्बापाशी येतो. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून १० अँपिअर ओढतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.०१७ ओहम असतो. आकडा नगण्य वाटतो, पण अशा पाच मीटर तारेतून १० अँपिअर वाहिले की ०.८५ व्होल्ट तिथेच संपतात. स्विचातले काळवंडलेले संपर्क, सैल झालेले कपलर आणि बॉडीला आवळलेला अर्थिंगचा बोल्ट हे वाटेकरी वेगळेच. दहा पावसाळे काढलेला तो बोल्ट उघडून पाहा. तारेच्या टोकाच्या रिंगवर हिरवट थर चढलेला असतो आणि खालच्या पत्र्यावर गंज. त्या थरातून करंट जातो, पण अडखळत. सगळं मिळून दीड व्होल्ट वाटेत गेले तर त्यात नवल काही नाही.

दीड व्होल्टनं असं काय बिघडतं, हा पहिला आक्षेप रास्त आहे. पंखा थोडा कमी व्होल्टेजवर थोडा हळू फिरतो, तसा बल्बही थोडा मंद होईल, असं आपण धरून चालतो. पण टंगस्टनच्या फिलामेंटचा हिशोब असा सरळ नाही. सुमारे तीन हजार केल्व्हिन तापलेलं हे फिलामेंट आपल्या ऊर्जेचा बहुतांश भाग डोळ्याला न दिसणाऱ्या उष्णतेच्या रूपात सोडतं. दिसणारा प्रकाश हा त्यातला लहानसा वाटा असतो आणि तापमान जरा उतरलं की सगळ्यात आधी तोच आटतो, उरलेलाही तांबूस होतो. म्हणून व्होल्टेज जेवढं घटतं त्याच्या जवळपास तिपटीनं प्रकाश घटतो. पुरावा खुद्द बल्बाच्या मानकात आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या पिकअपमध्ये असणारा एच-४ बल्ब १३.२ व्होल्टवर अप्परमध्ये सुमारे १६५० आणि डिपरमध्ये १००० ल्युमेन प्रकाश देतो, असं आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते. तोच बल्ब १२ व्होल्टवर अनुक्रमे १२५० आणि ७५० ल्युमेनवर येतो. फक्त १.२ व्होल्ट गेले आणि चौथा हिस्सा उजेड गेला. व्होल्टेज १५ टक्क्यांनी उतरलं तर जवळपास ४० टक्के प्रकाश हातचा जातो.

यावर उपाय आहे रिले. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८३० च्या दशकात दाखवलेलं तत्त्वच आजही काडेपेटीएवढ्या त्या डबीत काम करतं: क्षीण करंटनं एक लहान विद्युतचुंबक चालवायचा आणि त्या चुंबकानं मोठ्या करंटचं दार उघडायचं. रिले बसवला की स्टीअरिंगखालच्या स्विचातून केवळ अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो. बल्बाचा १० अँपिअरचा करंट बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरच्या जाड तारेनं, दीड-दोन मीटरच्या आखूड वाटेनं थेट पुढे पोचतो. या तारेत जेमतेम ०.१ ते ०.१५ व्होल्ट जातात. अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले लागतात. परतीची अर्थिंगची तारही तितकीच जाड हवी, नाहीतर निम्मं काम अर्धवट राहतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, कारण फ्यूजच्या अलीकडची तार कुठे घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. शक्यतो उजव्या-डाव्या दिव्यांना वेगळे फ्यूज द्यावेत. घाटाच्या वळणावर एक फ्यूज उडून दोन्ही दिवे एकदम जाणं किती धोक्याचं, हे रात्रीच्या चालकाला सांगायला नको.

मग सरळ १०० वॅटचा बल्बच का नको? त्याच जुन्या वायरिंगवर हा बल्ब लावला की दोन दिव्यांचा करंट १० वरून १६-१७ अँपिअरवर जातो. तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे पावणेतीन पट. वाटेतला एकूण रोध ०.१५ ओहम असेल, तर आधी १५ वॅट उष्णता वायरिंगमध्ये मुरत होती, आता ती ४० वॅटच्या आसपास जाते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची इस्त्री बहुधा २५ वॅटची असते. ही उष्णता तारभर सारखी पसरली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण ती साचते सगळ्यात सैल जोडापाशी. बल्बामागचा होल्डर आधी पिवळा, मग तपकिरी होतो, प्लास्टिक वाकतं, पितळी पट्टीची पकड सुटते, रोध आणखी वाढतो आणि चक्र सुरू राहतं. याचा शेवट कधी कधी आगीत होतो. शिवाय या वॅटचे बल्ब रस्त्यावरच्या वापरासाठी मान्य नाहीत.

एलईडीचा मुद्दा जरा वेगळा आहे. तो करंट कमी ओढतो, त्यामुळे व्होल्ट गळण्याचा प्रश्न त्याच्यापुरता मिटतो, हे मान्य करायला हवं. अडचण प्रकाश कुठे पडतो ही आहे. हॅलोजनचा परावर्तक एका बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून आखलेला असतो. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी असते, ती परावर्तकाच्या खालच्या भागावर आपटून वर जाऊ शकणारे किरण अडवते. त्या जागी चपट्या एलईडी चिप बसवल्या की किरणांचा उगम बदलतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून आखलेली प्रकाशाची कडा विस्कटते. चालकाला मात्र गाडीपुढचा दहा-पंधरा मीटरचा रस्ता लख्ख दिसतो आणि फरक पडल्यासारखा वाटतो. हा फसवा दिलासा आहे. जवळचा रस्ता जितका उजळ, तितकी डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरच्या अंधारातलं कमी दिसतं. मूळ रचनाच एलईडीची असलेल्या दिव्यांना हा आक्षेप लागू नाही.

सगळ्यात विचार करायला लावणारा आक्षेप डोळ्यासंबंधीचा आहे. प्रकाश तिसऱ्या हिश्शानं वाढला तरी डोळ्याला तो तेवढा वाढलेला जाणवत नाही, शिवाय अंतराच्या वर्गानं तो विरळ होतो, मग इतक्या खटाटोपाचं फळ काय? हिशोब करून पाहू. डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस ५० मीटरवर दिसत असेल आणि उजेड ३० टक्क्यांनी घटला, तर वर्गमूळाच्या हिशोबानं तोच माणूस ४२ मीटरवर आल्याशिवाय दिसणार नाही. फरक फक्त आठ मीटरचा. पण ६० किलोमीटरच्या वेगानं गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. आठ मीटर म्हणजे अर्धा सेकंद. ब्रेकवर पाय जायलाच दीड सेकंद लागतो आणि त्यानंतर भरलेली गाडी थांबायला आणखी २५-३० मीटर. एवढ्या तंग गणितात अर्ध्या सेकंदाला मी किरकोळ म्हणणार नाही.

व्होल्ट पुरते मिळाले की बल्ब लवकर जातो, हेही खरं आहे. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. पण वर्षानुवर्षं टिकलेला तो बल्ब उपाशी होता म्हणून टिकला. नवा बल्ब त्याच्या ठरलेल्या व्होल्टेजवर चालून ठरलेलं आयुष्य जगत असेल, तर तो खर्च उजेडाचाच आहे.

रिले हे प्रत्येक गाडीचं औषध नाही. अलीकडच्या अनेक गाड्यांत तो कारखान्यातूनच येतो. काही गाड्यांत दिव्यांचा कारभार इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरकडे असतो, तिथे तार तोडणं म्हणजे नवं दुखणं ओढवून घेणं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नं मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधनं घातली आहेत. म्हणून बल्ब मूळ वॅटचाच ठेवावा आणि वॉरंटीतल्या गाडीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर हात लावू देऊ नये. पिवळी पडलेली काच आणि काळवंडलेला परावर्तक यांच्यापुढे तर कुठलंही वायरिंग हरतं. आणि क्रेट भरल्यावर मागून दबलेला पिकअप नाक वर करतो. गाडी अवघी एक अंशानं कलली तरी दहा मीटरवर प्रकाशाची कडा १७ सेंटिमीटर वर चढते, म्हणजे सुधारलेला सगळा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. तेव्हा दिव्यांचा कोन भरलेल्या गाडीवर तपासायला हवा.

म्हणून नवा बल्ब घेण्याआधी वायरमनला एवढंच सांगा. इंजिन चालू, दिवे चालू, मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बाच्या प्लसच्या पिनवर. मग तसंच मायनसच्या बाजूला. दोन्ही आकड्यांची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावू नका. एक व्होल्टच्या वर असेल, तर तुमचा उजेड कुठे जातोय ते कळलं. पाच मिनिटांचं काम आहे, करून घ्या.