शहरांचा क्रम आणि विमानाचें भाडें

एकाच प्रवासांत तीनचार परदेशी नगरें पाहावयाचीं, असा बेत अलीकडे पुष्कळ घरांतून होऊं लागला आहे. मुलगा लंडनला, भाची पॅरिसला, आणि इतक्या दूर गेल्यावर रोम तर पाहिलेंच पाहिजे! मग मुंबईहून लंडनचें जाण्यायेण्याचें तिकीट काढावयाचें व पुढची व्यवस्था मागाहून लावावयाची, ही नेहमींची रीत. स्वस्त भाडें शोधण्यांत मंडळी रात्री जागवितात. परंतु मोठी बचत शहरांच्या क्रमांत दडलेली असते, तिकडे लक्ष जात नाहीं. श्लोकांतील पदें तींच असून अन्वय चुकला तर अर्थ हरवतो. येथें द्रव्य हरवतें.

वरील तीन शहरांचेंच उदाहरण घेऊं. लंडनचें परतीचें तिकीट असलें म्हणजे रोम पाहून झाल्यावर पुन्हां लंडन गांठावें लागतें. तें विमानभाडें, एखादा मुक्काम आणि एक दिवस, तिन्ही व्यर्थ. त्याऐवजीं मुंबई ते लंडन आणि रोम ते मुंबई असे दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर करतां येतात. विमानवाले यास ‘ओपन जॉ’, म्हणजे उघडा जबडा, म्हणतात. नांव विचित्र खरें, पण सोय उत्तम. शोधतांना ‘मल्टिसिटी’ हा पर्याय निवडावा. दोन एकेरी तिकिटांपेक्षां हें बहुधा स्वस्त पडतें.

आतां लंडन आधीं कां? ब्रिटनमधून विमानानें बाहेर पडणाऱ्या उतारूंवर तेथील सरकार १९९४ पासून कर घेतें. १ एप्रिल २०२५ रोजीं लागू झालेल्या दरानें भारताइतक्या अंतरास स्वस्त वर्गांतील प्रत्येक प्रौढामागें तो ९० पौंड होता. सोळा वर्षांखालील मुलांस त्या वर्गांत माफी. तिकिटांतच मिसळलेला असल्यामुळें तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. लंडनला उतरणाऱ्यास हा कर नाहीं, आणि आगगाडीनें बाहेर पडणाऱ्यासही नाहीं. सेंट पँक्रस स्थानकावर गाडींत बसलेला मनुष्य समुद्राखालच्या बोगद्यांतून सुमारें सव्वादोन तासांत पॅरिसला पोंचतो. चार प्रौढांचे त्या दरानें ३६० पौंड वांचले. रोमहून निघतांनाही कर आहेतच, पण इतके जड नाहींत. गाडीचें तिकीट मात्र कांहीं आठवडे आधीं घ्यावें. आयत्या वेळीं तें फार चढतें.

व्हिसाच्या दृष्टीनेंही हाच क्रम सोयीचा. फ्रान्स व इटली शेंगेन करारांत आहेत, ब्रिटन नाहीं. पॅरिस, लंडन, रोम असें गेल्यास शेंगेन हद्दींत दोनदां शिरावें लागेल, आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर दुसऱ्या वेळीं दार बंद!

पॅरिस ते रोम स्वस्त विमानें मिळतात. पण तीं पेटीचे पैसे निराळे घेतात. पापड-मेतकुटाचा भार लंडनलाच उतरवावा, हें उत्तम. विमानतळाचें नांवही वाचावें. ‘पॅरिस’ म्हणून दाखविलेलें बोव्हे हें पॅरिसपासून सुमारें ८० किलोमीटर दूर आहे.

एका बचतीस मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. दोन निराळ्या कंपन्यांचीं स्वतंत्र तिकिटें जोडून, मध्यें दोन तासांचें अंतर ठेवून, कित्येकजण भाडें वांचवितात. पहिलें विमान उशिरा पोंचलें तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. सामान बहुधा स्वतः सोडवून पुन्हां द्यावें लागतें, आणि त्यासाठीं त्या देशाचा व्हिसा लागूं शकतो. तरुण मुलगा बाकावर रात्र काढील. गुडघे धरलेल्या, वेळच्या वेळीं औषध घेणाऱ्या आजींनीं काय करावें? वडील माणसें बरोबर असतां मुंबईपासून मुक्कामापर्यंत एकच तिकीट असावें, मग चार पैसे अधिक पडले तरी चालतील. वाटेंत विमान चुकलें तर पुढें पोंचविण्याची जबाबदारी त्या कंपनीवर राहते.

तिकिटावरचा पहिला टप्पा न वापरल्यास पुढचे सर्व टप्पे बहुधा रद्द होतात. तेव्हां दिल्लीस नोकरी करणारा पुतण्या, ‘माझें तिकीट तुमच्याबरोबरच मुंबईहून काढा, विमान दिल्लीवरून जाणारच आहे, मी तेथेंच चढेन,’ असें म्हणूं लागला, तर त्याचें तिकीट दिल्लीपासूनचेंच निराळें काढावें.