पाठीवरचे बिऱ्हाड : प्रवासी गाडीत घर मांडताना

(तृतीय वर्ष, कला)

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण बहुधा बदल्या होणाऱ्या नोकरदाराला लावतो. परंतु खरोखरच पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारी माणसे आपल्या सातारा जिल्ह्यात आजही दिसतात. पावसाळा सरला की माण-फलटणकडचे धनगर मेंढरे घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. घोड्याच्या पाठीवर भांडी, अंथरूण, वाघर आणि कधी नुकतीच जन्मलेली कोकरेसुद्धा असतात. दररोज बिऱ्हाड मोडायचे आणि दररोज नवे मांडायचे, हे काम मुख्यतः त्यांच्या बायका करतात. त्यांचे हे फिरणे पोटासाठी आहे.

हौसेसाठी असेच बिऱ्हाड चाकांवर बांधण्याची कल्पना मात्र युरोपातली. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून खास सहलीसाठी घोड्यांनी ओढायची घरगाडी बांधून घेतली आणि तिचे नाव ठेवले 'वाँडरर'. पुढे मोटारी आल्या. जर्मनीत १९५० साली फोक्सवॅगनची डबेवजा गाडी निघाली, आणि १९५१ साली वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात ठेवायची, हवी तेव्हा काढता येणारी, बिछाना व कपाटाची पेटी बाजारात आणली. ही 'काढता येणारी' कल्पना वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याशी आपल्याला काम आहे. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हापासून हा विषय वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळतो. चित्रे पाहावीत तर गाडीत पलंग, शीतकपाट, न्हाणीघर सारे काही! ती चित्रे पाहून पुष्कळांचा असा समज होतो की, लाखो रुपये असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. तो समज दूर करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या घरी एक जुनी ट्रॅक्स क्रूझर आहे. कराड भागात अशा गाडीला सगळे 'वडापची गाडी' म्हणूनच ओळखतात. पुढे चालकाची रांग, मध्ये एक आडवे आसन आणि मागे समोरासमोर दोन लांब बाके. माझी आजी चौऱ्याहत्तर वर्षांची. तिच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात. लॉजचे जिने तिला चढवत नाहीत, खाली बसायच्या संडासात तिला बसता येत नाही आणि रात्री दोनदा तरी उठावे लागते. तेव्हा 'माझा प्रवास आता संपला गं,' असे म्हणून तिने सहा वर्षे घर सोडले नव्हते. तिला गुहागरचा समुद्र पाहायचा होता. गाडीत घर मांडायचा खटाटोप आम्ही केला तो एवढ्यासाठी.

यादी नको, दिनक्रम हवा

अशा कामाला लागताना माणूस पहिल्यांदा वस्तूंची यादी करतो. यादीचा दोष असा की ती वाढतच जाते. प्रत्येक वस्तू 'लागली तर?' या प्रश्नावर आत शिरते. आम्ही यादी केली नाही. एका वहीत आजीचा दिवस लिहून काढला. पहाटे पाचला उठणे, शौच, तोंड धुणे, चहा, गोळी, अंघोळ, पूजा, जेवण, दुपारची झोप, संध्याकाळचा दिवा, रात्रीचे जेवण, झोप आणि मध्यरात्रीचे उठणे. मग प्रत्येक कामापुढे दोनच प्रश्न लिहिले : हे गाडीत कुठे होईल? आणि त्याला कमीत कमी काय लागेल? ज्या वस्तूला या दिनक्रमात जागा सापडली नाही, ती घरीच राहिली. माझ्या मते या विषयातले मर्म ते एवढेच. बाकी सारा तपशील यातून आपोआप निघतो. तो क्रमाने सांगते.

झोप

आमच्या गाडीचे मागचे बाक पट्टीने मोजले तेव्हा पाच फूट भरले. आजीची उंची चार फूट दहा इंच. म्हणजे प्रश्न निम्मा सुटला! दोन बाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसतील असे १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे दोन तुकडे सुताराकडून कापून घेतले आणि त्यांना खालून आधाराचे पाय व आडव्या पट्ट्या लावल्या. एकच मोठी फळी एकट्याला उचलत नाही, म्हणून तुकडे दोन. कुठेही खिळा मारला नाही, भोक पाडले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे मूळ नोंदणीशी विसंगत असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. आसने कायमची काढायची असतील तर परिवहन कार्यालयाची वाट धरावी लागते. वेस्टफालियाच्या पेटीप्रमाणे आपलीही मांडणी सुटी असावी, ती याकरिता. शिवाय सोमवारी ती गाडी पुन्हा कामाला लागायची असते.

कापसाची गादी जड असते आणि कोकणातल्या दमट हवेत ओलसर होते. तीन इंची स्पंजाचे तुकडे आणि वर घरची वाकळ पुरेशी होते. आजी व मी मागे, बाबा मधल्या आसनावर, अशी आमची निजानीज. मी कोपऱ्याकोपऱ्याने पडते, एवढेच. चालत्या गाडीत मात्र मागे कोणीही निजायचे नाही. पट्टा लावून पुढच्या किंवा मधल्या आसनावरच बसायचे.

पाणी

पाण्याचा हिशेब वजनाचा हिशेब असतो, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पिणे, स्वयंपाक, भांडी व हातपाय मिळून माणशी रोज सुमारे दहा लिटर धरावेत. अंघोळ यात नाही. तिघांना दोन दिवसांचे साठ लिटर, म्हणजे साठ किलो होतात. एवढे ओझे टपावर ठेवले तर वळणावर गाडी झोल खाते. ते तळाशी आणि मागच्या चाकांच्या पुढे असावे. शिवाय आपल्याकडे वाटेत पाणी मिळते, म्हणून आम्ही वीस लिटरचे दोनच कॅन नेतो, एक पिण्याचा, एक वापरायचा. दोन्हींना तोटी हवी. तांब्याने पाणी उपसले की निम्मे सांडते. तोटीची धार बारीक ठेवली तर तेवढ्याच पाण्यात दुप्पट भांडी निघतात.

चूल आणि हवा

या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. इतर व्यवस्था चुकली तर गैरसोय होईल, ही चुकली तर जीव जाईल.

स्वयंपाकाला पाच किलोचा लहान सिलिंडर आणि एक शेगडी पुरते. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर निघून न जाता गाडीच्या तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. त्याला वास मुद्दाम घातलेला असतो, तरी झोपेतल्या माणसाला तो कळेलच याचा भरवसा नाही. म्हणून आमचा नियम असा : सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, प्रवासात झडप बंद आणि रेग्युलेटर काढलेला. स्वयंपाक नेहमी गाडीबाहेर, मागच्या दाराच्या आडोशाला. रात्री सिलिंडरही बाहेर. जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते दर वेळी पाहायचे. काडी ओढून गळती तपासायची नाही.

दुसरा धोका याहूनही लबाड आहे. कोळसा, स्टोव्ह, गॅस किंवा गाडीचे इंजिन, काहीही अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पट घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस गुदमरल्याचे त्याला स्वतःलाच समजत नाही. थंडी आहे म्हणून गाडीत निखाऱ्यांचे घमेले ठेवणे, किंवा उकडते म्हणून इंजिन सुरू ठेवून वातानुकूलनात झोपणे, या दोन्ही गोष्टी प्राणघातक आहेत. थंडी असेल तर आणखी एक वाकळ घ्यावी. दोन बाजूंच्या दोन खिडक्या चार-चार बोटे उघड्या ठेवून त्यांना मच्छरदाणीचे कापड लावावे. एकच खिडकी उघडली तर हवा खेळत नाही आणि सकाळी काचा दवाने ओल्या होतात.

स्वयंपाकाच्या सामानात एक लहान कुकर, एकात एक बसणारी तीन पातेली, परात, तवा व मिसळणाचा डबा. तांदूळ-डाळ प्रत्येक जेवणाची मोजून वेगवेगळ्या पिशव्यांत बांधली की मोठे डबे लागत नाहीत. पहिल्या दिवशी घरच्या दशम्या आणि दाण्याची चटणी. गाडी मुक्कामाला पोचते तेव्हा सगळे दमलेले असतात, त्या वेळी चूल पेटवण्याची पाळी येऊ नये. आणखी एक गोष्ट : आमच्या गाडीत भांडी बाबा घासतात. घर लहान झाले की कोण किती राबते ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते, हा या प्रवासाचा एक अनपेक्षित लाभ!

वीज

पहिल्या सहलींना वेगळी बॅटरी, सौरपत्रे वगैरे काहीही लागत नाही. वीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर १६० वॅट-तास खर्च होतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून हे सुमारे तेरा अँपिअर-तास झाले. एवढे गाडीच्या स्वतःच्या बॅटरीतून रोज रात्री घेऊ नये. तिचे काम सकाळी इंजिन सुरू करण्याचे आहे. चार्जिंगचा लहान पंखा आणि हातदिवा घरून भरून न्यावा व दिवसा गाडी चालताना पुन्हा भरावा. चार-पाच सहली होऊन गरज नक्की कळली की मग वेगळ्या बॅटरीचा विचार करावा, आणि तेव्हा बॅटरीलगत फ्यूज विसरू नये.

शौच आणि पायरी

याविषयी लिहायला लोक संकोचतात. पण वृद्ध माणसाचा प्रवास अडतो तो बहुतेक इथेच. औषधांच्या दुकानात घडीची कमोडची खुर्ची मिळते. तिच्याखाली झाकणाची बादली बसते. मागची दारे उघडून त्यांच्यावर ताडपत्री आणि दोन जुनी लुगडी बांधली की रात्रीपुरती खोली तयार. बादली सकाळी जवळच्या संडासातच रिकामी करायची. ओढ्यात, समुद्रात किंवा रस्त्याच्या कडेला मुळीच नाही. गाडीची मागची पायरी उंच पडते, म्हणून एक भक्कम चौरंग सोबत असतो आणि दाराला धरायला दोरीची गाठ मारलेली असते. आजीच्या मते आमच्या साऱ्या सामानात खरी किंमत चौरंगाचीच आहे.

मांडणी आणि बांधणी

बाकांखाली बसतील अशा उंचीचे भाजीचे तीन प्लॅस्टिक क्रेट घेतले. एका क्रेटमध्ये एकाच कामाच्या वस्तू : पहिल्यात स्वयंपाक, दुसऱ्यात कपडे व पूजेचे सामान, तिसऱ्यात औषधे, दिवा, दोरी, हत्यारे. तिसरा दाराशी, कारण अंधारात तोच लागतो. कोणतीही वस्तू काढताना फार तर एक वस्तू बाजूला करावी लागावी. दोन कराव्या लागल्या तर तिची जागा चुकली असे समजावे. भांड्यांमध्ये फडकी घातली की किणकिणाट थांबतो. सर्व काही पट्ट्यांनी आवळलेले असावे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एकाएकी थांबली तर सुटा कॅन त्याच वेगाने पुढे येतो, आणि पुढे आपली माणसे बसलेली असतात.

पहिल्या तीन रात्री

पहिली रात्र घराच्या अंगणातच काढावी. शेजारी हसतात, हसू द्यावे. काही अडले तर घर दहा पावलांवर असते. आमच्या अंगणातल्या रात्रीने दोन गोष्टी शिकवल्या : आजीला उशी नव्हे तर पाठीला लोड लागतो, आणि रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून थेट डोळ्यांवर येतो. लोड आत आला, खिडकीला काळे कापड आले आणि न उघडलेल्या सहा वस्तू परत घरात गेल्या.

दुसरी रात्र जवळच्या गावी. आम्ही औदुंबरला गेलो. तिसऱ्या खेपेला मात्र पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असे करीत गुहागर. भरलेली गाडी घाट उतरताना सतत ब्रेकवर ठेवली तर ब्रेक तापतात. खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरावे. पावसाळ्यात घाटात दरडी येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गाडी वाळूत नेऊ नये, भरती कोणासाठी थांबत नाही. मुक्काम कोणाच्या तरी अंगणात किंवा खाणावळीच्या आवारात, रीतसर विचारून आणि ठरलेले पैसे देऊन करावा. गुहागरला आम्हाला एका घराच्या माडाखाली जागा मिळाली. पहाटे पाचला आजी चौरंगावरून स्वतः खाली उतरली आणि काठी टेकत पुळणीपर्यंत गेली. परत आली ती म्हणाली, "आता हेदवीचा गणपती राहिलाय. किती लांब आहे इथनं?"

त्या प्रश्नानंतर आमच्या वहीत पुढच्या दिवसाचे पान जोडले गेले. अशी वही प्रत्येकाने ठेवावी. सहलीहून आल्यावर त्याच संध्याकाळी, सामान उतरवता उतरवता, काय वापरले, काय वापरले नाही आणि कशावाचून अडले ते तीन रकान्यांत लिहावे. मधला रकाना तिसऱ्याहून नेहमी मोठा निघतो. आमच्या महाविद्यालयातल्या कितीतरी घरी अशी एखादी जुनी गाडी आणि अशी एखादी आजी किंवा आजोबा असतील. दिवाळीच्या सुटीत दोघांची गाठ घालून देण्यास हरकत नाही. सुतार, दोन फळ्या, तीन क्रेट आणि एक चौरंग एवढ्यावर सुरुवात होते.