वास्तूचे अंगण : कोल्हापूरच्या जुन्या स्थळांविषयी

आपल्याकडे घर म्हटले की त्यात अंगण गृहीत धरलेले असते. तुळशीवृंदावन, आड, गोठ्याकडे जाणारी वाट, दारातली ओटी हे सारे भिंतींच्या बाहेर असते. तरी ते काढून टाकले तर उरते त्याला घर म्हणायला जीभ कचरते. शहरातील जुन्या वास्तूंचा विचार करताना मात्र हे साधे शहाणपण आपण विसरतो. देऊळ शाबूत आहे, राजवाडा उभा आहे, संग्रहालयाला कुलूप आहे, म्हणजे वारसा सुरक्षित आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः प्रत्येक जुन्या वास्तूलाही तिचे एक अंगण असते. ते कधी उन्हाच्या वाटेचे असते, कधी मातीच्या थरांचे, कधी पाण्याचे, तर कधी झाडांचे. कोल्हापुरातील काही परिचित स्थळे घेऊन या अंगणाची ओळख करून घ्यावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ अंबाबाईच्या देवळापासून करणे उचित होईल. चालुक्य-शिलाहारांच्या काळात काळ्या पाषाणात उभारलेले हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरून गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी ती चरणांशी येतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत चढतात, तिसऱ्या दिवशी मुख उजळते, असा या किरणोत्सवाचा क्रम मानला जातो. याच दोन तिथी का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर पंचांगापेक्षा साध्या गणितात आहे. दक्षिणायनाचा शेवट २१-२२ डिसेंबरला होतो. १० नोव्हेंबर ही त्याच्या सुमारे सहा आठवडे आधीची तारीख आहे आणि १ फेब्रुवारी ही सुमारे सहा आठवडे नंतरची. दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या बिंदूवर मावळतो, त्याच बिंदूवर तो परतताना पुन्हा मावळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर हा बिंदू नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला येतो. मंदिर बांधणाऱ्यांनी तोच बिंदू दारांच्या रांगेतून गाभाऱ्याशी जोडलेला आहे.

आता या उत्सवातील नाजूकपणा पाहा. सूर्य जसजसा खाली जातो तसतसे किरण आडवे होतात आणि गाभाऱ्यात खोलवर शिरून वर चढू लागतात. म्हणजे मुखापर्यंत पोचणारे किरण हे शेवटच्या काही मिनिटांचे, अगदी जमिनीलगत येणारे असतात. सूर्य क्षितिजापासून दोन अंश वर असताना तीनशे मीटर अंतरावरची, मूर्तीच्या पातळीपासून साडेदहा मीटर उंच असलेली इमारत त्याला झाकू शकते. तो एक अंशावर आला की त्याच अंतरावर सव्वापाच मीटर उंचीही पुरे होते. एखादा वाढवलेला मजला, गच्चीवरची पाण्याची टाकी, रस्त्यावरची कमान किंवा फलक यांपैकी काहीही या वाटेत आडवे येऊ शकते. ढग आणि धुके यांवर आपला इलाज नाही. पण किरणोत्सव अपुरा राहिला की पश्चिमेच्या इमारतींची चर्चा दरवेळी निघते, ती निष्कारण नव्हे. मंदिराचा एक चिराही न हलवता मंदिराची एक मोठी करामत नाहीशी करता येते, हे त्यातून ध्यानात यावे. या देवळाचे अंगण प्राकारापाशी संपत नाही. ते महाद्वार रस्त्यावरून थेट मावळतीपर्यंत पसरलेले आहे.

दुसरे स्थळ पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीचे टेकाड. ज्याला आपण पांढर म्हणतो, म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तीची राख, माती, विटा, खापरे साचून झालेला उंचवटा, तसा तो आहे. एकोणिसाव्या शतकातच येथे सातवाहनकालीन नाणी व बौद्ध स्तूपाचा धातुकरंडक सापडला होता. नाण्यांवर विळिवायकुर यासारखी राजनामे होती, आणि टॉलेमी या ग्रीक भूगोलवेत्त्याने उल्लेखिलेला बालेओकुरोस राजा तोच असावा असे अनेक अभ्यासकांनी मानले. पुढे १९४५ च्या सुमारास येथल्या खोदकामात काशाच्या व तांब्याच्या वस्तूंचा एक मोठा साठा उजेडात आला. त्यात पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची एक लहानशी मूर्ती होती. भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघून, अरबी समुद्र ओलांडून, कोकणातल्या एखाद्या बंदरात उतरून आणि घाट चढून हा देव पंचगंगेच्या काठी आला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हे गाव जगाच्या बाजारपेठेपासून तुटलेले नव्हते.

परंतु मूर्ती सापडणे आणि इतिहास सापडणे यांत अंतर असते. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीवर पद्धतशीर उत्खनन केले आणि १९५२ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी एकेक थर वेगळा करून खाली सातवाहनकालीन विटांची घरे आणि वर बहामनी काळातील वस्ती दाखवून दिली. पुराणवस्तूला बोलते करतो तो हा थरच. कोणती वस्तू कोणत्या खापराशेजारी, कोणत्या नाण्याखाली होती, हे कळले तर तिचे वय सांगता येते. तीच वस्तू पायाच्या खणात कुदळीने निघाली आणि खिशात गेली, तर ती केवळ मोडीच्या भावाची धातू ठरते. पोसायडन संग्रहालयात सुखरूप आहे. पण त्याचे अंगण अजून ब्रह्मपुरीच्या मातीत आहे. त्या टेकाडावर व भोवती आज वस्ती आहे. तेथे नळासाठी चर खणला जातो, तेव्हा जुन्या पोथीतली काही पाने न वाचताच फाटत असतात.

तिसरे उदाहरण तळ्यांचे. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे गाव होते. रंकाळा, कोटितीर्थ ही नावे आजही पाण्याने भरलेली आहेत. इतर नावांमागचे पाणी गेले. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई आली, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले, पद्माळ्याच्या ठिकाणी पद्माराजे उद्यान झाले. यामागे वाईट हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. साचलेले पाणी, डास, रोगराई आणि वाढत्या गावाला लागणारी मोकळी जागा ही कारणे खरी होती. खेळाला मैदान आणि भाजीला मंडई हवीच होती. पण तळे बुजविल्याने उतार बुजत नाही. पावसाळ्यात गांधी मैदानात गुडघाभर पाणी साचले की लोक गटारांच्या नावाने बोटे मोडतात. पाणी मात्र आपल्या जुन्या पत्त्यावर आलेले असते. तळे म्हणजे केवळ खड्डा नव्हता, तर भोवतालच्या सगळ्या उतारांचे शेवटचे टोक होते. ते उतार ठाऊक असते, तर मैदान करतानाच पाण्याला पर्यायी वाट ठेवता आली असती. म्हणून गेलेल्या तळ्यांचा नकाशा हा हौशी इतिहासप्रेमींचा छंद नसून नगरपालनाचे हत्यार आहे.

रंकाळा हा यातला भाग्यवान म्हणावा लागेल. संध्यामठ, घाटाच्या पायऱ्या, चौपाटी आणि १९३१ ते १९३४ या काळात काठावर बांधलेला शालिनी पॅलेस यांनी त्याला माणसांचा राबता दिला. ज्या पाण्याकडे सायंकाळी सारे गाव फिरायला जाते, त्यात सांडपाणी शिरले की ओरड होते. पाहणारे डोळे हेही एक कुंपणच आहे.

चौथा गट एकोणिसाव्या शतकातील दगडी इमारतींचा. इंग्रज सैन्यातील अभियंता मेजर चार्ल्स मँट याने कोल्हापूरचा टाउन हॉल (१८७२-७६), नवा राजवाडा (१८७७-८४) आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आजचे सी. पी. आर. रुग्णालय (१८८१-८४), यांचे आराखडे केले. १८८१ मध्ये मँट वारला. राजवाडा त्याच्यामागे पुरा झाला. टाउन हॉलची उतरती छपरे आणि टोकदार कमानी विलायती वळणाच्या आहेत, तर राजवाड्यात त्याने एतद्देशीय कमानी, घुमट व नक्षी यांची सांगड युरोपीय मांडणीशी घातली. या इमारती पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या दुरून पाहण्यासाठी बांधलेल्या आहेत. टाउन हॉलभोवतीची बाग ही शोभेची पुरवणी नाही. मनोऱ्यांपासून पायथ्यापर्यंत सारी इमारत एका नजरेत यावी म्हणून लागणारे ते अंतर आहे. तीत वाहने लावली, टपऱ्या मांडल्या, तर इमारत तीच राहील, पण ती कोणाला दिसणार नाही.

शेवटचे उदाहरण ताजे व दुःखद आहे. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप प्रवासानंतर, रोममधील प्राचीन क्रीडागाराचा आदर्श पुढे ठेवून, खासबागेचे कुस्ती मैदान उभारले. ते १९१२ मध्ये सुरू झाले. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर तयार झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. एका बाजूला तालमीतले मल्ल आणि दुसऱ्या बाजूला नाटकातले गायक, असा शेजार महाराजांनी जाणून घडविला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, या नाट्यगृहाला आग लागली. छप्पर, रंगमंच, लाकूडकाम जळून गेले. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. त्यानंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. अशा वेळी एकच प्रश्न निर्णायक ठरतो : जे होते त्याची मोजमापे कोणाकडे आहेत? तुळईचा आकार, सज्जाची उंची, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेणारा छताचा उतार या गोष्टी आठवणीने उभ्या राहत नाहीत. त्यांना कागद लागतो. इमारतीची नोंद हेही तिचे अंगणच आहे, आणि ते आग लागण्यापूर्वी राखावे लागते.

हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही. इंग्लंडात जुन्या स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा १८८२ मध्ये झाला; तो सुट्या स्मारकांपुरता होता. सुटी इमारत राखूनही गाव हरवते, हे कळायला त्यांनाही बरीच वर्षे लागली. १९६७ च्या कायद्याने संपूर्ण परिसर राखण्याची तरतूद झाली आणि स्टॅमफर्ड नावाच्या बाजारपेठेच्या गावाचा जुना भाग हा त्या देशातील पहिला संरक्षित परिसर ठरला. आपल्याकडे १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन, केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. पण मीटरांचे वर्तुळ सर्वांना सारखेच लागू होते. किरणांची वाट एकाच दिशेला शेकडो मीटर जाते. पांढरीचा थर जमिनीखाली असतो. पाण्याचा उतार गल्लीबोळांतून वळतो. प्रत्येक स्थळाचे अंगण वेगळे, आणि ते त्या गावच्या लोकांनाच नेमके ठाऊक असते.

या कामी लोकांच्या घरांचा आणि व्यवसायांचाही विचार झाला पाहिजे. महाद्वार रस्त्यावरील दुकानदाराला मजला चढवू नको म्हणायचे, तर त्याच्या नुकसानीची वाट गावाने शोधली पाहिजे. ब्रह्मपुरीवर राहणाऱ्याने पायाभरणीत सापडलेले खापर कळवावे असे वाटत असेल, तर कळविल्याबद्दल त्याचे काम महिनोन् महिने अडता कामा नये. राखण्याचा भार थोड्यांवर आणि अभिमान सर्वांचा, ही विभागणी टिकत नाही.

तेव्हा नगरवासीयांना करता येण्यासारखी कामे मोठी नाहीत, पण चिकाटीची आहेत. किरणांच्या वाटेतील इमारतींच्या उंचीची नोंद दरवर्षी ठेवावी. बुजलेल्या तळ्यांच्या सीमा आजच्या नकाशावर आखून त्या शाळाशाळांतून लावाव्यात. घरोघरच्या पेट्यांत जुनी छायाचित्रे, नाटकाच्या जाहिराती, घरांचे आराखडे पडून आहेत. त्यांच्या प्रती एका ठिकाणी जमवाव्यात. आणि पाहुणा आला की त्याला देवळात नेताना थोडे थांबून मागे वळावे, आणि मावळतीकडे बोट करून सांगावे की देवीचे अंगण तेथपर्यंत आहे.