चकतीवरचा आकडा

फॅब्रिकेशनच्या दुकानात चार इंची ग्राइंडर हमखास दिसतो. त्याचं गार्ड मात्र शोधावं लागतं. ते कुठल्या तरी खिळ्याला अडकवलेलं असतं, नाहीतर भंगारात गेलेलं. ‘मध्ये येतं हो,’ असं कारण मिळतं आणि ते खोटंही नाही. कोपऱ्यातला वेल्ड घासताना गार्ड खरंच अडतं, आणि मजुरी नगावर असली की पाच मिनिटांनाही किंमत असते. पण ती वाकवलेली पत्र्याची पट्टी काय अडवून धरते, हे चकतीवर छापलेला आकडा वाचल्याशिवाय कळत नाही.

चार इंची, म्हणजे 100 मिलिमीटरची चकती या मशीनवर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जातो. चकती फुटलीच, तर तुकडा त्या वेगानं सुटतो. लोखंड कापायच्या चकत्या बहुधा सेकंदाला 80 मीटर वेग सोसतील अशा बनवतात. म्हणून चार इंचीवर कमाल फेरे 15,000 च्या वर छापलेले असतात आणि सात इंचीवर जेमतेम 8,500. खोल कापायचं म्हणून कुणी गार्ड काढून, मोठ्या भोकात वॉशर भरून, छोट्या मशीनवर सात इंची चकती चढवतो. तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला 100 मीटर ओलांडतो. नेमकं त्याच वेळी गार्ड जागेवर नसतं.

त्याहून वाईट खोड म्हणजे ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावणं. लोखंडाची चकती घासत जाते, दातेरी पातं चावतं. गाठ आली, फळी मिटली, की पातं अडकतं आणि सगळी मशीन उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते. हात, मांडी, कधी गळा. सुताराच्या गोल करवतीचे फेरे साधारण 5,000 असतात आणि काप संपला की तिचं खालचं गार्ड स्प्रिंगनं आपोआप मिटतं. ग्राइंडरला यातलं काहीच नाही. दुकानात हे पातं शेजारीच टांगलेलं मिळतं, म्हणून ते चालतं असं नाही. माझ्या मते या बाबतीत ‘जपून वापरा’ असा सल्ला देणंसुद्धा चूक आहे.

चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीखही असते. आतली राळ ओल धरते, जुनी होते; पावसाळाभर गोणीत पडलेली चकती वरून धडधाकट दिसली तरी भरवशाची नसते. नवी चकती चढवली की बाजूला उभं राहून अर्धा मिनिट मोकळी फिरवावी. कापायच्या पातळ चकतीनं आडवं घासू नये. बाजूचा दाब सोसायला ती बनलेलीच नसते. चष्मा तर हवाच. रुमालाच्या टोकानं डोळ्यातला लोखंडाचा कण काढणारे मित्र प्रत्येक शॉपमध्ये असतात, त्यांच्यापासूनही जपावं.

विजेचं प्रकरण वेगळं. मांडवात, नव्या बांधकामावर पिन तुटलेली वायर काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये बसवतात. शॉक लागला तर एमसीबी पडेल, हा भ्रम आहे. 16 अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या हृदयाचा ताल बिघडवायला अँपिअरचा दहावा भागसुद्धा पुरतो आणि तेवढ्याची एमसीबी दखलही घेत नाही. ती दखल 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घेतो. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या मशीनला दुहेरी इन्सुलेशन असतं, म्हणून तिच्या वायरीत अर्थिंगची तार नसते. ती बिघडलेली नसते. पण पाणी आत शिरलं की त्या इन्सुलेशनचाही भरवसा संपतो, म्हणून पाणी सोडून फरशी कापताना आरसीसीबी असलेलाच बोर्ड घ्यावा.

शेवटी स्विच. साध्या ग्राइंडरचा सरकता स्विच पुढे ढकलला की तिथंच अडकून राहतो. लाइट जाते, कारागीर मशीन खाली ठेवून चहाला जातो, आणि लाइट आली की ती फरशीवर आपली आपण पळत सुटते. पॅडल स्विच असलेली मशीन हात सुटताच थांबते. ती थोडी महाग पडते. जुनीच वापरायची असेल, तर लाइट गेल्यावर आधी पिन काढायची, मग चहा.