सुधाकर बरा झाला असता काय?

नाशिकच्या महाविद्यालयात गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ मी कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे. सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो, ती मोडते आणि सिंधूच्या संसाराची राखरांगोळी होते. “हा शेवट अटळच होता,” असे सांगून मी पुस्तक मिटतो.

यंदा मात्र तास संपल्यावर निफाडकडचा एक विद्यार्थी मागे रेंगाळला. खाली मान घालून म्हणाला, “सर, माझे वडील दोनदा उपचार घेऊन आले. दोन्ही वेळा पुन्हा प्यायले. मग तेही अटळच का?”

मला उत्तर सुचेना. तेव्हा नाटकाबाहेर डोकावून पाहिले.

गडकरी १९१९ साली गेले. त्या काळी दारुड्याच्या हाती शपथेवाचून फारसे काही नव्हते. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही व्यसनींनीच एकमेकांना सावरण्याची चळवळ निघाली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ काढले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला देणगी दिली. तेथील उपचार ३५ दिवसांचा. दारू एकाएकी तुटली की हात कापतात, कधी फिट येते, भ्रमही होतो. म्हणून आरंभी डॉक्टरांची नजर हवीच. पुढचे दिवस मनाच्या मशागतीचे. आणि खरी परीक्षा घरी परतल्यावर! तेथे पाठपुरावा, सभा, जरूर तर औषधे, आणि घरच्यांची साथ लागते.

मग गुण येतो किती जणांना? उपचारानंतर शंभरातले सुमारे ४० ते ६० जण पुन्हा घसरतात, असे जाणकार सांगतात. आकडा ऐकून छाती दडपते. पण दमा किंवा रक्तदाब उलटण्याचे प्रमाणही याहून कमी नाही, असे तेच सांगतात. दमा उसळला म्हणून रोग्याचे औषध कोणी बंद करते काय? उलट, ते बदलून पाहतात. दारुड्याला मात्र आपण दुसरी संधीही कुरकुरत देतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला हे सारे सांगितले. विचारले, “वडील तिसऱ्यांदा जायला तयार आहेत?”

“ते आहेत, सर. आईच म्हणते, आता पुरे.”

त्या माउलीला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? सोसले तिने आहे. रविवारी मात्र मी त्यांच्या घरी जाणार आहे. आणि वर्गात ‘अटळ’ हा शब्द आता वापरणार नाही.