स्लॉट कारला हवी स्थिर वीज

दोन गाड्या एकाच वळणाकडे येतात. आतल्या लेनमधली खाचेतून निसटते आणि पुढच्याच क्षणी बाहेरचीही उडते. बाहेरच्या गाडीच्या चालकाने कंट्रोलरच्या ट्रिगरवरचं बोट तसूभरही हलवलेलं नसतं. घरच्या स्लॉट कार ट्रॅकवर हे इतक्यांदा घडतं की खेळणारे त्याला नशीब म्हणून सोडून देतात. त्यात नशिबाचा काही संबंध नाही. दोष सॉकेटला लटकलेल्या ॲडाप्टरचा असतो.

ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीने 1957 च्या हॅरोगेट खेळणी प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ मांडलं, जर्मनीत 1963 मध्ये ‘कॅरेरा’ आली. तेव्हापासून या खेळाची मूळ रचना साधारण तीच आहे. ट्रॅकमध्ये खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, गाडीच्या पोटाखाली त्या पट्ट्यांवर घासत जाणारे तारांचे विणलेले ब्रश आणि त्यांतून मोटरला मिळणारी डीसी वीज. खोक्यातून येणारा ॲडाप्टर खोक्यातल्या ट्रॅकपुरता बेतलेला असतो. ट्रॅक वाढतो, गाड्या बदलतात, मग मंडळी नवा सप्लाय शोधायला निघतात आणि तिथे ऐकीव सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो.

गैरसमज : व्होल्ट वाढवले की गाडी जिंकते

डीसी मोटरचा वेग साधारण व्होल्टच्या प्रमाणात वाढतो, एवढं खरं आहे. 12 व्होल्टला मिनिटाला 18,000 फेरे घेणारी मोटर 15 व्होल्टला 22,500 च्या आसपास जाईल. सरळ पट्टीवर हे छान दिसतं. पण गाडीला वळणात धरून ठेवायला लागणारं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग सव्वापट झाला की ते दीडपटीहून जास्त लागतं. टायर तेच, वळण तेच, मग ते बल आणायचं कुठून? सरळीवर मिळवलेलं सगळं वळणावर गाडी उचलून पुन्हा खाचेत बसवण्यात जातं.

म्हणूनच गाडीला पट्ट्यांकडे खेचून धरणारं तिच्याखालचं चुंबक काढून खेळणारे बरेच जण मुद्दाम खाली, 10 ते 12 व्होल्टवर येतात. गाडी शेपूट हलवत वळते, ट्रिगरवरच्या बोटाला काम मिळतं. लहान मुलांच्या हाती कंट्रोलर द्यायचा असेल तर 8–9 व्होल्टही पुष्कळ झाले. माझं मत विचाराल तर ज्या सप्लायवर व्होल्ट कमी करण्याचा खटका किंवा बटण नाही, तो घरच्या ट्रॅकसाठी अर्धाच सप्लाय आहे.

आणि प्रत्येक जातीचा आकडा वेगळा आहे. कॅरेराचे साधे, म्हणजे ॲनालॉग सेट 14.8 व्होल्टवर चालतात, त्याच कंपनीचे मोठ्या मापाचे डिजिटल सेट 18 वर, स्केलेक्स्ट्रिकचे डिजिटल 15 वर. बोटाएवढ्या एचओ मापाच्या एएफएक्स गाड्यांना 22 व्होल्टचा पॅक येतो. एचओवाल्याचा सल्ला 1/32 मापाच्या गाडीला लावला तर मोटरचा वास येईपर्यंत वेळ लागत नाही.

गैरसमज : जास्त अँपिअरचा सप्लाय मोटर जाळतो

दुकानात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. सप्लायवर लिहिलेले 5 किंवा 10 अँपिअर ही त्याची कमाल क्षमता आहे. तेवढा प्रवाह तो गाडीत ढकलत नाही. मोटर आपल्याला हवा तेवढाच ओढते. 1/32 मापाची नेहमीची गाडी पळताना अर्धा-एक अँपिअरच्या आसपास घेते. थांबलेली गाडी सुटताना किंवा चाक अडकल्यावर तीच काही क्षण दोन-तीन अँपिअर मागू शकते. चुंबक जोरकस असेल तर ते गाडीला पट्ट्यांकडे खेचून धरतं, मोटरचं काम वाढतं आणि भूकही वाढते.

मोटर जळते ती चुकीच्या व्होल्टने किंवा अडकलेल्या गाडीचा ट्रिगर दाबून धरल्याने. तेव्हा अँपिअरबाबत हात आखडता घेऊ नका. दोन लेनच्या ट्रॅकला 5 अँपिअरचा सप्लाय मोकळा बसतो.

भीती खरी आहे, पण ती मोटरबाबत नव्हे, शॉर्टबाबत. उडालेली गाडी, पडलेला स्क्रू किंवा ब्रशची सुटलेली तार दोन पट्ट्यांवर आडवी पडली की 12 व्होल्टचा 10 अँपिअरवाला सप्लाय त्या एका जागेत 120 वॅटपर्यंत उष्णता ओतू शकतो. प्लास्टिकच्या ट्रॅकला तेवढी पुरते. म्हणून प्रत्येक लेनच्या वायरमध्ये 3 अँपिअरच्या आसपासचा फ्यूज हवाच. फ्यूज दहा-वीस रुपयांचा आहे, ट्रॅक नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक रेसवेंप्रमाणे घरी मोटारीची बॅटरी जोडण्याचा मोह कुणाला झाला, तर त्याने हे दुप्पट लक्षात ठेवावं. बॅटरीला शॉर्ट मिळाला की ती शेकडो अँपिअर सोडते.

गैरसमज : लेबलवर 15 व्होल्ट म्हणजे 15 व्होल्ट

आता सुरुवातीच्या उडालेल्या गाडीकडे येऊ. जुन्या धाटणीच्या ट्रान्सफॉर्मरच्या पॅकवर छापलेले व्होल्ट ठरावीक भार असतानाचे असतात. भार नसताना मल्टिमीटर लावला तर 15 च्या पॅकवर 19–20 व्होल्टही दिसतात. दोन गाड्या जोरात असताना व्होल्ट खाली बसतात. एक गाडी ट्रॅकवरून गेली की तिचा भार क्षणात नाहीसा होतो आणि उरलेल्या गाडीच्या वाट्याला अचानक जादा व्होल्ट येतात. शेजारच्या बाथरूममधला नळ बंद झाल्यावर आपल्या शॉवरचा जोर एकदम वाढावा, तसा हा प्रकार. वळणाच्या तोंडाशी हे झालं की दुसरी गाडी गेलीच.

इलाज दोन. एक तर प्रत्येक लेनला स्वतंत्र पॅक द्यायचा. एका लेनमध्ये काहीही झालं तरी दुसरीला कळत नाही. त्यासाठी दोन्ही लेनच्या वायरी ट्रॅकच्या पॉवर बेसमध्ये, म्हणजे सप्लाय जोडायच्या तुकड्यात, एकत्र जोडलेल्या नाहीत ना, हे आधी तपासावं लागतं. दुसरा, आणि माझ्या मते उत्तम उपाय म्हणजे रेग्युलेटेड सप्लाय, म्हणजे भार कितीही बदलला तरी व्होल्ट ठरवलेल्या जागीच ठेवणारा. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत असतो तो 0–30 व्होल्ट, 5 अँपिअरचा बेंच सप्लाय या कामाला जणू बेतलेला आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तो सहज मिळतो. त्यावर प्रवाहाची मर्यादा लावायचंही बटण असतं. ते अगदी खाली ठेवलं तर गाडी सुटताना सप्लाय स्वतःच व्होल्ट पाडतो आणि लोक सप्लाय बिघडला म्हणून परत करायला जातात.

उत्तम सप्लाय घेतला आणि तिथून ट्रॅकपर्यंत दोन्ही लेनसाठी एकच बारीक वायर नेली, तर मात्र रोग तसाच राहतो. सप्लायच्या टोकापासूनच प्रत्येक लेनची वेगळी जोडी न्यावी.

गैरसमज : ट्रॅकच्या लांबच्या टोकाला गाडी मंदावते, म्हणजे सप्लाय कमी पडतोय

बहुतेक वेळा सप्लाय निर्दोष असतो. ट्रॅकच्या तुकड्यांचे सांधे गंजलेले, सैल किंवा काजळलेले असतात. वाटेतल्या सगळ्या सांध्यांचा रोध मिळून 1 ओहम झाला, तर 1 अँपिअर ओढणाऱ्या गाडीचे 1 व्होल्ट तिथेच खर्च होतात, 2 अँपिअरला 2. वर व्होल्ट वाढवले की जवळच्या भागात गाडी बेभान होते आणि लांबच्या टोकाला रडतच राहते.

सांधे साफ करा, पट्ट्यांच्या जिभा जरा आवळून घ्या. मग पॉवर बेसपासून दूरच्या दोन-तीन जागी ट्रॅकखालून जाड वायर नेऊन त्याच पट्ट्यांना डाख द्या. कोणती पट्टी कोणत्या तारेची, हे मात्र आधी मीटरवर पाहून घ्या. उलटी जोडणी म्हणजे थेट शॉर्ट. मीटर भार असतानाच लावायचा. मोकळ्या ट्रॅकवर सगळीकडे सारखेच व्होल्ट दिसतात आणि रोग लपतो.

घरात पडलेलं काहीही चालतं?

काही चालतं, काही अजिबात नाही. जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस चालतो. त्याच्या पिवळ्या तारेवर खणखणीत स्थिर 12 व्होल्ट असतात. मोठ्या जोडणीतली हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो सुरू होतो. पण व्होल्ट बदलता येत नाहीत, फ्यूज अनिवार्य आहे आणि पेटी उघडायची नाही. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब उरलेला असतो. लॅपटॉपचा चार्जर बहुधा 19 व्होल्टच्या आसपास असतो, 1/32 च्या गाडीला तो जास्त होतो. मध्ये व्होल्ट कमी करणारं मॉड्यूल टाकलं तरच उपयोग. मोटारीच्या बॅटरीचे नवे चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय वीजच सोडत नाहीत, तो नाद सोडावा.

पंख्याचा रेग्युलेटर ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावून वेग कमी करायचा, हा आपल्याकडचा खास जुगाड. तो करू नका. ट्रान्सफॉर्मर तापतो आणि व्होल्टही धड मिळत नाहीत. डिमरस्टॅट ट्रॅकला थेट जोडणं तर जिवाशी खेळ. त्याची आउटपुट बाजू घरच्या मेन्सपासून वेगळी नसते. ज्या पट्ट्यांना मुलांची बोटं लागतात, तिथे मेन्सची वीज येण्याची वाट उघडी ठेवायची नाही.

डिजिटल सेटवर यातलं काहीही करण्याआधी थांबावं. तिथे पट्ट्यांतून विजेबरोबर प्रत्येक गाडीसाठीचे संकेतही जातात आणि गाडीत चिप असते. कंपनीने सांगितलेल्या व्होल्टचाच सप्लाय, तोही पॉवर बेसच्या ठरलेल्या सॉकेटमधूनच द्यावा.

शेवटची गोष्ट अमेरिकेतून सेट मागवणाऱ्यांसाठी. तिथला मेन्स 120 व्होल्टचा, आपला 230 चा. नुसत्या पिना बदलणाऱ्या ॲडाप्टर प्लगने व्होल्ट बदलत नाहीत. पॅकवर इनपुट 100–240 व्होल्ट छापलं असेल तर खुशाल लावा. फक्त 120 छापलं असेल तर तो पॅक बाजूला ठेवा आणि तेवढ्याच आउटपुटचा, बीआयएसची खूण असलेला इथलाच सप्लाय घ्या. ट्रॅक आणि गाड्यांना त्याने काहीही फरक पडत नाही.