आरेचे पाडे आणि पावसाचं पाणी
गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीत (स्थापना 1949) वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा समाजांचे 27 पाडे आहेत. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर. शहर इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं इथली आहेत.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने वस्त्या बुडवल्या. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघणारी ही नदी आरेच्या कडेनेच वाहते. झाडोरा आणि मोकळी माती पाणी मुरवतात. तिथे काँक्रीट आलं की तेच पाणी वेगाने खाली उतरतं. म्हणून पाड्यांनी राखलेली भातखाचरं आणि परसबागा अंधेरी-कुर्ल्याच्याही कामाच्या आहेत. शेवळं, टाकळा, कुरडू या रानभाज्या पावसाबरोबर आपोआप उगवतात. त्यांना ना खत लागतं, ना पंप. आणि वाघोबाला पुजणाऱ्या या लोकांनी बिबट्याच्या शेजारी राहण्याची रीत जपली, हेही लहान काम नव्हे.

2019 साली मेट्रो कारशेडसाठी इथे दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. विरोधात पाड्यांतले लोक पुढे होते. पुढे 812 एकर जमीन राखीव वन म्हणून वनखात्याकडे गेली. पण जंगल राखीव झालं म्हणजे राखणाऱ्यांचा हक्क मान्य झाला असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाले. मुंबईच्या पाड्यांनाही ते मिळायला हवेत.